खुन्याचे पुनरुत्थान, बळींचे विस्मरण

गेल्या वर्षी ऑक्टोबर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी प्रवचनात ‘हॅलोवीन’ या अमेरिकन चित्रपटमालिकेवर कडाडून टीका केली. सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या रक्ताने माखणारे हे चित्रपट म्हणजे मनाला लागलेली कीड आहे, सगळे एका माळेचे मणी आहेत, असे मी बोललो. मिस्सा संपल्यावर पदवीच्या पहिल्या वर्षात शिकणारी आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी सॅक्रिस्टीच्या दाराशी आली आणि अतिशय नम्रपणे तिने विचारले, “फादर, त्यांतले तुम्ही किती पाहिलेत?”

मी एकही पूर्ण पाहिलेला नव्हता. शाळेत असताना एका नातेवाइकाच्या घरी भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर पहिल्या चित्रपटाचा अर्धा भाग पाहिला होता. पुढे वीज गेली आणि तो विषय तिथेच संपला. तेवढ्या भांडवलावर मी वेदीवरून निकाल दिला होता. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकवताना आमचे एक वृद्ध प्राध्यापक बजावत असत की, प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत मांडता येत नाही, तोवर त्याचे खंडन करण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही. तो नियम मी मोडला होता. त्या मुलीने मग आपल्या मित्रमैत्रिणींनी केलेली या चित्रपटांची एक क्रमवारीही मला सांगितली. कोणत्या भागात खून किती, ते किती नव्या तऱ्हेने केलेले, खुन्याचा मुखवटा कोणत्या भागात अधिक भीतिदायक, असे तिचे निकष होते.

म्हणजे माझ्याकडे क्रमवारी नव्हती, केवळ सरसकट निषेध होता. आणि त्या मुलांकडे क्रमवारी होती, पण तिचे माप खाटकाच्या दुकानातले होते. या दोन्ही भूमिका चुकीच्या आहेत, हे मला प्रस्तुत लेखात मांडायचे आहे. त्यासाठी १९७८ ते २०२२ या काळातले तेराही चित्रपट मी गेल्या काही महिन्यांत क्रमाने पाहिले. कोणी म्हणेल, फादरना दुसरे काम नाही काय? कामे पुष्कळ आहेत. पण ज्या गोष्टीविषयी मी माझ्या माणसांना उपदेश करतो, ती ठाऊक करून घेणे हेही त्यांतलेच एक काम आहे.

आरंभीच एक स्पष्ट करतो. हे चित्रपट प्रौढांसाठी आहेत आणि लहान मुलांनी ते पाहू नयेत, या मतात तसूभरही बदल झालेला नाही. ज्यांना रक्तपात सोसवत नाही त्यांनी ते पाहण्याचे काही कारण नाही. परंतु ज्यांची मोठी मुले ते मोबाइलवर पाहातच आहेत, त्या आईवडिलांना ‘सगळे सारखेच’ असे सांगून आपण काहीही देत नाही.

माप कोणते?

क्रमवारी लावायची तर आधी माप ठरले पाहिजे. माझे माप साधे आहे : या चित्रपटात मेलेल्या माणसाला काही वजन आहे काय? पडद्यावर ज्याचा जीव जातो तो आधी जिवंत होता, कोणाचा तरी मुलगा होता, कोणाची तरी लेक होती, त्याच्या जाण्याने कुठेतरी एक जागा रिकामी झाली, याची जाणीव चित्रपटाला आहे काय? की तो केवळ पुढच्या सुरीपर्यंतचा वेळ भरून काढण्यासाठी उभा केलेला पुतळा आहे?

हे माप मी बाहेरून लादतो आहे, असा आक्षेप येईल. पण ते बाहेरचे नाही. या मालिकेने स्वतःहून ज्या रात्रीचे नाव घेतले आहे, त्या रात्रीतच ते दडलेले आहे. ‘हॅलोवीन’ म्हणजे सर्व पवित्र जनांच्या सणाची पूर्वसंध्या. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोमच्या संत पेत्र महामंदिरात सर्व संतांच्या सन्मानार्थ एक प्रार्थनागृह समर्पित केले; नवव्या शतकात, इ. स. ८३५ च्या सुमारास, १ नोव्हेंबर ही तिथी पश्चिम युरोपात सर्वदूर रूढ झाली. दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लुनीचे मठाधिपती संत ओदिलो यांनी २ नोव्हेंबर हा दिवस सर्व मृत भाविकांच्या स्मरणासाठी लावून दिला. ज्यांची नावे कोणी लक्षात ठेवली नाहीत, ज्यांना पंचांगात जागा नाही, त्यांचीही आठवण ख्रिस्तसभेने करावी, हा या दोन दिवसांचा अर्थ आहे. आपण त्या संध्याकाळी दफनभूमीत जातो, कबरी साफ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो, ते याच अर्थाने. मेलेल्यांना नाव देणे आणि त्यांचे वजन राखणे हेच त्या रात्रीचे मूळ काम. तेव्हा त्याच नावाच्या चित्रपटांना मी त्याच मापाने जोखले, तर तो अन्याय ठरू नये.

जाता जाता एक गैरसमजही दूर करतो. १९८१ च्या दुसऱ्या भागात डॉक्टर लूमिस हे पात्र या सणाचे मूळ प्राचीन केल्टिक लोकांच्या एका मृत्युदेवतेत असल्याचे सांगते आणि तिचे नाव ‘सॅमहेन’ असे उच्चारते. आपल्याकडील काही भाविक पत्रकांतही नेमके हेच छापून येते. वस्तुतः तो शब्द ‘साविन’च्या जवळपास उच्चारला जातो; तो उन्हाळा संपून हिवाळा लागतानाच्या एका आयरिश सणाचे नाव आहे, आणि त्या नावाचा कोणी मृत्युदेव होता याला आधार नाही. चित्रपटाने केलेली चूक भक्तीच्या नावाने पुन्हा छापल्याने ती खरी होत नाही.

पहिला चित्रपट आणि विझवलेला दिवा

पहिला क्रमांक १९७८ च्या मूळ चित्रपटाचा, हे सांगायला धर्मगुरूची गरज नाही. जॉन कार्पेंटर यांनी तो दिग्दर्शित केला, डेब्रा हिल यांच्यासह लिहिला आणि संगीतही स्वतःच दिले. खर्च सुमारे तीन लाख डॉलर, चित्रीकरण सुमारे वीस दिवसांचे. कथा इलिनॉय राज्यातल्या हॅडनफील्ड या काल्पनिक गावात घडते. प्रत्यक्ष चित्रण झाले कॅलिफोर्नियात, वसंत ऋतूत, आणि शरद ऋतूची पिवळी पाने रंगवून, पसरून, पुन्हा गोळा करून वापरली गेली. दोन डॉलरही किंमत नसलेला एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या नायकाचा मुखवटा विकत आणला, त्याला पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोके मोठी केली, आणि जगभर ओळखला जाणारा तो कोरा चेहरा तयार झाला. या चित्रपटाने पुढे सुमारे सात कोटी डॉलर मिळवले, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याला स्थान मिळाले.

गोष्ट एवढीच : १९६३ च्या हॅलोवीनच्या रात्री सहा वर्षांचा मायकेल मायर्स आपल्या थोरल्या बहिणीचा सुरीने खून करतो. पंधरा वर्षांनी मनोरुग्णालयातून पळून तो त्याच गावी परततो आणि शेजाऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या मुलींच्या मागे लागतो. का? उत्तर नाही. तो बोलत नाही, धावत नाही, रागावत नाही. श्रेयनामावलीत मुखवट्यातल्या त्या व्यक्तीला नावाऐवजी ‘आकृती’ असे म्हटले आहे. संत आगस्तीन यांनी दुष्टतेविषयी जे सांगितले ते सेमिनरीत पाठ करताना मला कोरडे वाटले होते : दुष्टता ही स्वतंत्र वस्तू नाही, ती चांगुलपणाचा अभाव आहे, जसा अंधार हा प्रकाशाचा अभाव. त्या कोऱ्या मुखवट्याकडे पाहताना तो धडा मला प्रथमच डोळ्यांना दिसला. कार्पेंटर यांना आगस्तीन अभिप्रेत होते असा माझा दावा नाही. त्यांना केवळ घाबरवायचे होते. पण प्रामाणिकपणे घाबरवायला निघालेल्या कलावंताच्या हाती कधी कधी सत्य लागते.

या चित्रपटात माणसे मरतात ती पाच, आणि रक्त जवळजवळ दिसत नाही. याहूनही महत्त्वाचे असे की, मरणाऱ्या मुली आपल्याला आधी भेटतात. त्या शाळेतून घरी येतात, एकमेकींची चेष्टा करतात, टेलिफोनवर बडबडतात. चित्रपटाचा अर्ध्याहून अधिक वेळ या साध्या जगण्यात जातो. म्हणून त्यांचे जाणे जाणवते.

इथे मला आपल्याच गोटातल्या एका अर्थाचा निषेध करायचा आहे. ‘ज्या मुली स्वैर वागल्या त्या मेल्या, जी सालस होती ती वाचली, बघा, चित्रपटातही पापाला शिक्षा आहे’ असे मी भाविक तोंडून ऐकले आहे. हा अर्थ चित्रपटावर अन्याय करतो आणि शुभवर्तमानावर त्याहून मोठा. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा ते यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असा प्रश्न प्रभू येशूने स्वतःच विचारला आणि त्याचे उत्तर नकारार्थी दिले. खुन्याच्या सुरीत देवाचा न्याय पाहणे ही धर्मनिष्ठा नाही. लॉरी ही नायिका वाचते ती जागरूक असते म्हणून, आणि मरता मरता वाचते. तिचे खरे मोठेपण असे की, स्वतः घायाळ असताना ती आपल्यावर सोपवलेल्या दोन मुलांना आधी घराबाहेर काढते.

आणि आता तो प्रसंग, ज्यासाठी मी हा चित्रपट सर्वांत वर ठेवतो. खुनी मागे आहे. लॉरी किंचाळत एका शेजाऱ्याच्या दारावर धडका मारते. आतून ओसरीचा दिवा लागतो. पडद्याआडून कोणी तरी बाहेर डोकावते. आणि दिवा विझतो. बस्स. काही क्षणांचा प्रसंग आहे. त्या घरातली माणसे आपल्याला दिसत नाहीत, त्यांना मुखवटा नाही, हातात सुरी नाही. ती बहुधा आपल्यासारखीच सज्जन, कर भरणारी, रविवारी प्रार्थनेला जाणारी असावीत. यरीहोच्या वाटेवर जखमी माणसाला वळसा घालून गेलेला याजक आणि लेवी मला त्या दिव्यात दिसले. मी धर्मगुरू आहे. त्या याजकाची गोष्ट मला नेहमीच जरा जवळून लागते.

या श्रेष्ठ चित्रपटातही एक गंभीर दोष आहे, तोही सांगतो. डॉक्टर लूमिस सहा वर्षांच्या मुलाविषयी असा निर्वाळा देतात की त्याच्यात माणूसपण उरलेलेच नाही, तो केवळ दुष्टता आहे. आठ वर्षे त्याच्यापर्यंत पोचण्याचा प्रयत्न आणि पुढची सात वर्षे त्याला कोंडून ठेवण्याची धडपड, असा हिशोबही ते देतात. कोणत्याही मनुष्याविषयी असे बोलण्याचा अधिकार ख्रिस्ती विचार कोणालाही देत नाही. दुष्टता हा अभाव असेल, तर ज्यात हा अभाव आहे तो जीव मुळात चांगलाच निर्माण झालेला असणार. आगस्तीन यांनीच तरुणपणी ज्या मानी पंथाचा त्याग केला, त्याची छाया डॉक्टरांच्या त्या वाक्यावर आहे. चित्रपट ते वाक्य तपासून पाहत नाही. आणि पुढच्या अनेक भागांनी नेमकी तीच चूक भांडवल म्हणून वापरली.

मधली वाट

दुसऱ्या क्रमांकावर मी १९८२ चा तिसरा भाग ठेवतो, आणि तरुण वाचक इथे पत्रिका मिटतील याची मला कल्पना आहे. कारण या भागात मायकेल मायर्स नाहीच. दरवर्षी हॅलोवीनवर एक स्वतंत्र गोष्ट सांगावी, असा बेत होता. टॉमी ली वॉलेस यांनी तो अमलात आणला. प्रेक्षक रुसले आणि बेत मोडला. पण गोष्ट पाहा : मुखवट्यांचा एक कारखानदार दूरचित्रवाणीवर दिवसरात्र एकच जाहिरात वाजवतो, देशभरची मुले आईबापांकडे हट्ट धरून ते मुखवटे घेतात, आणि सणाच्या रात्री ठरल्या वेळी पडद्यासमोर बसलेल्या त्या मुलांचा मुखवट्यांतूनच संहार करण्याची योजना असते. जाहिरातीच्या पडद्यासमोर मुलांना बसवून निश्चिंत झालेल्या आईबापांवर १९८२ साली कोणी इतके कठोर लिहिले असेल, असे मला वाटले नव्हते. आज तो पडदा मुलाच्या तळहातात आहे. गोष्ट ओबडधोबड आहे, काही ठिकाणी हास्यास्पदही आहे. पण तिला काही सांगायचे आहे. ‘यात मायकेल नाही’ म्हणून ती शेवटी ढकलणारे रसिक स्वतःविषयीच बरेच काही सांगून जातात. त्यांना कथा नको आहे. त्यांना खुनी हवा आहे.

तिसरा क्रमांक २०२२ च्या अखेरच्या भागाचा. त्याच्यावरही प्रेक्षक संतापले. कोरी नावाचा एक तरुण. त्याच्या हातून एका सांभाळायच्या मुलाचा अपघाताने मृत्यू होतो. न्यायालय त्याला सोडते, गाव सोडत नाही. टोमणे, मारहाण, बहिष्कार. आणि हळूहळू गावाने त्याला जे ठरवले तेच तो होतो. डेव्हिड गॉर्डन ग्रीन या दिग्दर्शकाला हे सर्व नीट पेलले आहे असे नाही. उत्तरार्ध घाईचा आहे. परंतु पहिल्या चित्रपटातल्या त्या विझवलेल्या दिव्याचा धागा चव्वेचाळीस वर्षांनी कोणी तरी हाती धरला. डॉक्टर लूमिसच्या चुकीच्या वाक्यालाही इथे उत्तर मिळते : माणूस दुष्टता ‘असत’ नाही, त्याला तिकडे जाण्याच्या वाटा आपणही खोदून देतो. आपल्या गावातही एखाद्या कुटुंबावर शिक्का बसला की तो तीन पिढ्या पुसला जात नाही. हे वाचताना ज्यांना एखादे घर आठवले असेल, त्यांनी हा चित्रपट न पाहताही समजून घेतला आहे.

चौथा १९९८ चा भाग, वीस वर्षांनंतरचा. लॉरी नाव बदलून कॅलिफोर्नियातल्या एका निवासी शाळेची मुख्याध्यापिका झाली आहे, मद्याच्या आहारी गेली आहे, मुलाला श्वास घेऊ देत नाही. वाचलेल्या माणसाचे पुढे काय होते, हा प्रश्न मालिकेने प्रथमच गांभीर्याने विचारला. जेमी ली कर्टिस यांनी ही भूमिका मनापासून केली आहे. त्यांच्या मातोश्री जॅनेट ली, ज्या १९६० मध्ये हिचकॉक यांच्या ‘सायको’त स्नानगृहात मारल्या गेल्या होत्या, त्याही यात छोट्या भूमिकेत भेटतात. २०१८ चा भाग पाचवा. तोच प्रश्न तो चाळीस वर्षांनंतरच्या लॉरीला, तिच्या मुलीला आणि नातीला विचारतो. भीती वारशाने कशी उतरते हे त्याने चांगले दाखवले आहे, पण हाणामारीच्या वेळी तो स्वतःचा प्रश्न विसरतो.

सहावा २००९ चा, रॉब झोम्बी यांचा दुसरा चित्रपट. हा अत्यंत हिंस्र, कर्कश आणि बराचसा असह्य आहे. तरीही इतका वर का? एका बापासाठी. गावचा शेरीफ ब्रॅकेट घरी येतो आणि स्वतःच्या मुलीचे प्रेत पाहतो. कॅमेरा त्याच्यापासून हलत नाही. तेरा चित्रपटांत शेकडो सुऱ्या चालल्या. पण लेक गमावलेल्या बापाजवळ असे कोणी थांबले नव्हते. अशा घरी मध्यरात्री जाऊन बसण्याचे काम माझ्या वाट्याला आलेले आहे. तो प्रसंग खोटा नाही, एवढीच ग्वाही देतो.

१९८८ चा चौथा भाग सातवा : त्याच्या शेवटी लॉरीची चिमुरडी मुलगी स्वतःच हाती कात्री घेते, आणि दुष्टतेचा संसर्ग कोणालाही होऊ शकतो हा धक्का बसतो. १९८१ चा दुसरा भाग आठवा. त्याची बांधणी चांगली आहे, पण त्याने मालिकेचे कायमचे नुकसान केले : लॉरी ही मायकेलची बहीण असल्याचे त्याने सांगून टाकले. निष्कारण आलेले संकट कौटुंबिक वैर झाले. ईयोबाच्या दुःखाला त्याच्या मित्रांनी घाईघाईने कारणे पुरवली, त्यातलाच हा प्रकार. झोम्बी यांचा २००७ चा चित्रपट नववा. तो खुन्याचे बालपण, मारहाण, हेटाळणी सविस्तर दाखवतो. हेतू वाईट नाही. पण खुन्याला बालपण देताना त्याने बळींचे तारुण्य काढून घेतले. उत्तरार्धात मूळ कथा उरकली जाते आणि त्या तीन मैत्रिणींना आपण ओळखतही नाही.

उतरणीची टोके

दहावा २०२१ चा भाग. त्यात एक प्रसंग पहिल्या प्रतीचा आहे : इस्पितळात जमलेला जमाव दुष्टतेचा आज रात्रीच अंत करण्याच्या घोषणा देत एका निरपराध मनोरुग्णालाच खुनी समजतो आणि पाठलाग करून त्याला उंचावरून उडी घेण्यास भाग पाडतो. अफवेवरून माणसे ठेचून मारली गेल्याच्या बातम्या आपण आपल्या राज्यातही वाचल्या आहेत. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांचा जीव मुले पळवणारे समजून घेतला गेला. म्हणून तो प्रसंग पाहताना माझा घसा कोरडा पडला. दुःख याचे की, जमावाच्या हिंसेविरुद्ध बोलणारा हा चित्रपट उरलेला सर्व वेळ हिंसेच्या जमावालाच खूश करतो. त्यातले मृत मोजणेही सोडून द्यावे लागते. १९९५ चा सहावा भाग अकरावा : खुन्यामागे एक गुप्त पंथ आणि प्राचीन शाप असल्याचा खुलासा तो करतो. लूमिसची भूमिका करणारे डोनाल्ड प्लेझन्स तो प्रदर्शित होण्यापूर्वीच निवर्तले. त्यांना यापेक्षा बरा निरोप मिळायला हवा होता. १९८९ चा पाचवा भाग बारावा, कारण चौथ्या भागाच्या शेवटी दाखवलेले धाडस त्याने मुकाट गिळून टाकले.

आणि सर्वांत शेवटी २००२ चा आठवा भाग, ज्याचे उपशीर्षक आहे ‘पुनरुत्थान’.

या शब्दामुळे मी चिडलो, असे कोणी समजू नये. शब्द कोणीही वापरावा. माझा राग त्या चित्रपटाने जे केले त्यावर आहे. १९९८ च्या भागाच्या शेवटी लॉरीने कुऱ्हाडीने खुन्याचे मस्तक उडवले होते. त्याआधी एक क्षण असा येतो की तो तिच्यापुढे हात पसरतो आणि तिचाही हात नकळत पुढे होतो. कथा तिथे संपली होती. पण तिजोरी संपली नव्हती. म्हणून चार वर्षांनी आपल्याला सांगण्यात आले की मुखवट्याआड खुनी नव्हताच. त्याने एका रुग्णवाहिका-सेवकाचा घसा चिरडून त्याला आपला मुखवटा चढवला होता. म्हणजे लॉरीने मारला तो एक निरपराध माणूस! वीस वर्षे सोसलेल्या स्त्रीला एका वाक्यात खुनी ठरवले, वेड्यांच्या इस्पितळात टाकले, आणि चित्रपटाच्या आरंभीच मारून टाकले. त्या सेवकाचे काय? त्याच्या नावाने कोणी रडत नाही. मुख्य गोष्ट मग खुन्याच्या घरात कॅमेरे लावून इंटरनेटवर दाखवल्या जाणाऱ्या एका तमाशाची सुरू होते.

माझ्या सर्व तक्रारीचे सार या एका चित्रपटात आहे. या मालिकेत पुन्हा पुन्हा उठतो तो खुनी. गोळ्या झाडल्या, जाळले, खाणीत पुरले, मस्तक छाटले, तरी पुढच्या ऑक्टोबरला तो उभा. त्याच्या बळींपैकी एकही उठत नाही; उठणे तर सोडाच, पुढच्या भागात त्यांचे नावही बहुधा निघत नाही. पुनरुत्थानाविषयी आपला विश्वास नेमका याच्या उलट आहे. जो उठला तो मारणारा नव्हता, मारला गेलेला होता. आणि उठल्यावरही त्याच्या हातांवर जखमा होत्या, कारण जे घडले ते खोटे ठरवून पुढे जायचे नव्हते. विश्वास बाजूला ठेवला तरी साधी कथाकलाही हेच सांगते : ज्या गोष्टीत मरण कोणालाही बंधनकारक नाही, त्या गोष्टीत भीतीही उरत नाही. उरते ती फक्त मोजणी. आमच्या तरुणांनी क्रमवारीसाठी खून मोजले, यात त्यांचा दोष थोडा आहे. चित्रपटांनीच त्यांना ते अंकगणित शिकवले.

दोन आक्षेप

कोणी म्हणेल, हे सर्व करमणुकीसाठी आहे. त्यावर एवढा गंभीर विचार कशाला? माझे उत्तर असे की, करमणुकीत माणूस बेसावध असतो, आणि बेसावध असताना शिकलेले अधिक खोल जाते. शिवाय पहिल्या चित्रपटानेच सिद्ध केले आहे की करमणूक आणि मेलेल्यांची बूज यांत विरोध नाही. थोड्या पैशांत, पाच मृत्यूंत, जवळजवळ रक्ताविना त्याने जे साधले, ते पुढच्यांना कोट्यवधी डॉलरांत साधले नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येईल : धर्मगुरूने खुनाच्या चित्रपटांत चांगले-वाईट कशाला निवडावे, सरळ बंदी सांगावी. मी तेच केले होते, आणि त्याचा परिणाम काय झाला? ज्यांनी ते चित्रपट पाहिले होते त्यांना कळले की फादर न पाहता बोलतात, आणि त्यांनी माझे उरलेले प्रवचनही त्याच खात्यात टाकले. विवेक शिकवायचा असेल तर विवेकाने बोलावे लागते. ‘सगळे सारखेच’ म्हणणारा उपदेशक आणि ‘कितव्या भागात किती मेले’ एवढेच विचारणारा प्रेक्षक यांच्यात मला आता फारसे अंतर दिसत नाही. दोघांनीही चित्रपटातल्या माणसांकडे पाहिलेले नसते.

त्या मुलीला मी माझी क्रमवारी दाखवली. तिसऱ्या भागाचा दुसरा क्रमांक तिला मुळीच पटला नाही आणि तिने बराच वेळ वाद घातला. विझवलेला दिवा मात्र तिला आठवला नाही. चित्रपट तिने चार वेळा पाहिला होता. घरी जाऊन तिने तो प्रसंग पुन्हा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मला एवढेच विचारले, “फादर, आपल्या आळीत रात्री कोणी असे ओरडत आले, तर किती दारे उघडतील?”

या प्रश्नाचे उत्तर मी तिला देऊ शकलो नाही. ते माझ्या एकट्याने देण्यासारखे नाही. येत्या ३१ ऑक्टोबरला मुलांनी मुखवटे घालावेत की घालू नयेत यावर आपल्या धर्मग्रामात पुन्हा वाद होईल. तो खुशाल व्हावा. पण त्या वादात ज्यांना भाग घ्यायचा आहे, त्यांनी आधी आपापल्या ओसरीच्या दिव्याचा विचार करून यावे, ही माझी विनंती आहे.